गावातला गुन्हा कमी करायचा तर कोणी काय करायचं?

आज बचतीचा, कर्जाचा किंवा शेळीपालनाचा विषय नाही. आज आपण गुन्ह्याविषयी बोलणार आहोत. गुन्हा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दरोडा, खून, मारामारी येते. पण आपल्या गावांत घडणारे कितीतरी गुन्हे घराच्या दाराआड घडतात, आणि त्यातले बरेचसे आपल्याला गुन्हा वाटतच नाहीत. बायकोला मारणं हा गुन्हा आहे. अठरा वर्षांच्या आतल्या मुलीचं लग्न लावणं हाही गुन्हाच आहे. हे कमी कोणी करायचं? पोलिसांनी, पंचायतीने, एखाद्या सेवाभावी संस्थेने, की आपण गटाच्या बायकांनी? याचं उत्तर द्यायच्या आधी आमच्याकडून झालेली एक चूक तुम्हाला सांगतो.

आम्ही चौघी जणी मिळून एका तालुक्यातल्या वीसेक गावांत बचत गटांचं समन्वयाचं काम करतो. आमचा भाग ऊसतोडीचा. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते आणि अर्धं गाव कोयता घेऊन कारखान्याकडे जातं. ते परत येतं ते उन्हाळ्याच्या तोंडावर. मागे राहतात म्हातारी माणसं आणि काही लेकरं.

काही वर्षांपूर्वी एका गटाच्या मासिक बैठकीत एका वहिनींनी वीस हजारांचं कर्ज मागितलं. कारण सांगितलं, घरदुरुस्ती. त्यांची परतफेड नेहमी चोख, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. वहीत नोंद झाली, सह्या झाल्या, पैसे दिले. तीन आठवड्यांनी त्यांच्या मुलीचं लग्न झालं. मुलगी नववीत होती. वय पंधरा.

लग्न झाल्यावर आम्ही चौकशी केली, तेव्हा एकेक गोष्ट बाहेर आली. शाळेतल्या गुरुजींना माहीत होतं की मुलगी पंधरा दिवस आली नाही. त्यांनी हजेरीपटावर गैरहजरी मांडली आणि ते पुढच्या कामाला लागले. अंगणवाडीच्या ताईंच्या कानावर साखरपुड्याचं आलं होतं. आशाताईंना मुलीच्या आजीनेच सांगितलं होतं. पोलीस पाटलांच्या घरी पत्रिका पोहोचली होती. मंडपवाल्याने आगाऊ रक्कम घेतली होती. ग्रामसेवक आठवड्यातून दोन दिवस गावात येत, त्यांना लग्न झाल्यावर दुसऱ्या दिवशी कळलं. आणि बालविवाह थांबवण्याचं काम करणारी एक संस्था तालुक्याच्या गावी होती, बारा किलोमीटरवर. तिला कोणी फोन केला नाही.

आणि आम्ही? आमच्या तर वहीतच त्या लग्नाचा खर्च लिहिलेला होता, फक्त दुसऱ्या नावाने. गटाच्या पैशाने तो मंडप उभा राहिला होता.

त्या दिवशी आम्हाला एक गोष्ट समजली. गावात माहिती कमी नव्हती. प्रत्येकाजवळ एकेक तुकडा होता. तो दुसऱ्याच्या हातात द्यायची रीत मात्र नव्हती. आजच्या बोलण्याचं सार एवढंच आहे. गुन्हा थांबतो तो कोणी एक जण शूर असल्यामुळे नव्हे. तो थांबतो तो माहिती वेळेवर योग्य माणसाकडे पोहोचल्यामुळे, आणि त्या माणसाच्या पाठीशी इतर उभे राहिल्यामुळे.

एकट्याने का होत नाही?

आपण पोलिसांना नावं ठेवतो, पोलीस पंचायतीकडे बोट दाखवतात, पंचायत म्हणते की संस्थेने जनजागृती करावी. प्रत्येकाचं थोडं खरं असतं. एका पोलीस ठाण्याकडे कितीतरी गावं असतात. त्यांच्याकडे कायद्याचा अधिकार आहे, पण आपल्या गल्लीत काय शिजतंय हे त्यांना कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. ग्रामसेवकांकडे, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, अधिकार आहे, पण ते बाहेरगावचे. त्यांच्याजवळ बायका मनातलं बोलत नाहीत. संस्थेच्या कार्यकर्त्यांकडे अनुभव असतो आणि घरी बसून दोन-दोन तास बोलायला वेळ असतो, पण अटक करायचा किंवा आदेश द्यायचा अधिकार नसतो. आणि आपल्याकडे, गटाच्या बायकांकडे, कान आहेत. कोणाच्या घरी काय चाललंय हे आपल्याला आधी कळतं. पण आपल्याला त्याच गावात राहायचं असतं. भावकी असते. पाण्यात राहून माशाशी वैर कसं घ्यायचं, हा प्रश्न असतो.

म्हणजे अधिकार एकाकडे, माहिती दुसऱ्याकडे आणि वेळ तिसऱ्याकडे. हे तिन्ही एकत्र आले तरच काम होतं.

हे एकत्र येणं कसं सुरू झालं?

ही काही नवी कल्पना नाही. मुंबईत १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलिसांबरोबर एक वेगळा प्रयोग सुरू केला. पोलीस आयुक्तांच्या कार्यालयातच महिला व मुलांसाठी एक विशेष कक्ष उघडला, आणि तिथे वर्दीतला पोलीस नव्हे, तर शिकलेल्या समाजसेविका बसू लागल्या. नवऱ्याच्या माराला कंटाळून आलेली बाई पोलीस ठाण्यात घाबरते. तिला आधी कोणीतरी बसवून, पाणी देऊन, नीट ऐकून घ्यावं लागतं. ते काम समाजसेविका करू लागली. आणि शेजारीच पोलीस असल्यामुळे नवऱ्याला बोलावणं धाडलं की तो येऊ लागला. संस्थेची माया आणि पोलिसांचा धाक एका छताखाली आले. पुढे राज्य सरकारने हे काम आपलं मानलं आणि जिल्ह्याजिल्ह्यांत असे कक्ष सुरू झाले.

दुसरं उदाहरण १०९८ या नंबरचं. संकटातल्या मुलांसाठीचा हा फोन १९९६ साली मुंबईत, त्याच संस्थेतल्या एका प्रयोगातून सुरू झाला. रस्त्यावरच्या मुलांना रात्री-अपरात्री मदत मागता यावी म्हणून. गावोगावच्या संस्था त्यात सामील होत गेल्या आणि तो देशभर पोहोचला. २०२३ पासून सरकारने तो स्वतःच्या हाती घेऊन ११२ या आणीबाणीच्या नंबराशी जोडला.

तिसरी गोष्ट कायद्याची. २००५ साली घरगुती हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू झाला. या कायद्यात संरक्षण अधिकारी हे पद आहे. पण त्याबरोबर नोंदणी झालेल्या संस्थांनाही कायद्यानेच जागा दिली आहे. त्यांना 'सेवा देणारी संस्था' म्हणतात. अशी संस्था बाईची हकीकत अहवालात लिहून न्यायदंडाधिकारी आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवू शकते, तिची वैद्यकीय तपासणी करवून घेऊ शकते, तिला निवारागृहात पोहोचवू शकते. म्हणजे सरकारने मान्य केलं की हे काम एकट्या सरकारी खात्याने होणारं नाही.

त्याच कायद्यातली आणखी एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. शेजारणीला मार बसतोय हे तुम्ही चांगल्या हेतूने संरक्षण अधिकाऱ्याला कळवलंत, तर त्याबद्दल तुमच्यावर कसलीही केस होऊ शकत नाही. ही माहिती ती बाई स्वतः नाही, दुसरं कोणीही देऊ शकतं.

याची गरज किती आहे ते पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. ज्या बायकांनी मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसला, त्यातल्या शंभरातल्या फक्त १४ जणींनी कुठेतरी मदत मागितली होती. ७७ जणींनी मदत तर मागितली नाहीच, पण कोणाला सांगितलंही नाही. मैत्रिणींनो, ज्या गुन्ह्याची वाच्यताच होत नाही तो पोलीस कसा थांबवणार? तिथे गटाची बैठक कामी येते. महिन्यातून एकदा का होईना, बाई घराबाहेर बसते आणि तिच्याकडे कोणीतरी बघतं.

बालविवाहाच्या बाबतीत कोणाचं काम कोणतं?

आता एकच गुन्हा घेऊ आणि साखळी नीट समजून घेऊ. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा आहे. मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण हवं. त्याआधी लग्न लावणाऱ्याला, ठरवणाऱ्याला, होऊ देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा लग्नाला जाऊन त्यात भाग घेणंही यात येतं. त्यामुळे 'आम्ही फक्त अक्षता टाकायला गेलो' ही सबब चालत नाही. या कायद्याखाली बाईला कैद होत नाही, पण दंड होऊ शकतो.

आपल्या राज्यात गावपातळीवर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, आणि त्याच्या मदतीला अंगणवाडी सेविका. लग्न थांबवण्याची पहिली जबाबदारी त्याची. पोलीस पाटलाने गावातल्या गुन्ह्याची खबर ठाण्याला द्यायची असते. मुख्याध्यापकांकडे मुलीच्या जन्मतारखेची नोंद असते, वय सिद्ध करायला ती सगळ्यात कामाची. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते. तिच्यात सरपंच, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, शिक्षक अशी मंडळी असतात. तुमच्या गावात ती कागदावर आहे की खरंच बसते, ते एकदा विचारा. जिल्ह्याला बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती असते. मुलीचं हित कशात आहे, तिला कुठे ठेवायचं, हे बाल कल्याण समिती ठरवते.

आणि संस्था? इथेही कायद्याने तिला बाजूला ठेवलेलं नाही. लग्न होणार अशी खात्रीची माहिती असेल तर संस्था न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करून लग्नाला मनाई मागू शकते. स्वतःला माहिती असलेली कोणीही व्यक्ती ही तक्रार करू शकते. मनाईचा आदेश असताना लग्न लावलं तर ते लग्नच रद्दबातल ठरतं. अक्षय्य तृतीयेसारख्या मुहूर्तावर एकाच दिवशी बरीच लग्नं लागतात. त्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांनाच बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याचे अधिकार असतात.

आता सांगा, यात गट कुठे आला? गट या सगळ्यांच्या आधी आला. कारण पहिली खबर आपल्याकडे असते.

दुसऱ्या वेळी आम्ही काय केलं?

त्या पहिल्या लग्नानंतर आम्ही गटांमध्ये दोन साध्या गोष्टी सुरू केल्या. एक, दहा हजारांच्या वरचं कर्ज असेल तर कारण फक्त ऐकायचं नाही, गटातल्या दोघींनी घरी जाऊन बघून यायचं. दुरुस्ती असेल तर विटा, पत्रे दिसतील. दुसरी, सभासदांच्या घरातल्या चौदा ते अठरा वयाच्या मुलींची यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहायची आणि दर महिन्याला एकच प्रश्न विचारायचा, मुलगी शाळेत जाते ना? कोणावर पाळत ठेवायची म्हणून नाही. पोरगी शाळेतून सुटली की पुढचं पाऊल काय असतं ते आपल्याला माहीत आहे म्हणून.

दीड वर्षाने दुसऱ्या गावात या प्रश्नाला एका बाईने उत्तर दिलं नाही. मुलगी सोळा वर्षांची, दहावीत. गटाच्या अध्यक्षा काकूंनी त्याच रात्री आम्हाला फोन केला, "मॅडम, मला वाटतं पुढल्या गुरुवारी आहे."

आम्ही तालुक्यातल्या त्या संस्थेला कळवलं. यावेळी नंबर आमच्याकडे होता. त्यांनी ग्रामसेवकांना सांगितलं. ग्रामसेवकांनी शाळेकडून जन्मतारखेची नोंद लेखी घेतली आणि दोन्हीकडच्या घरांना नोटीस दिली. पोलीस पाटील नोटीस द्यायला बरोबर गेले, म्हणजे हे एकट्या बाहेरच्या साहेबाचं काम नाही हे कळलं. एवढं होईपर्यंत दोन दिवस लागले. आणि यात काकूंचं नाव कुठेही आलं नाही. ती काळजी सगळ्यांनी घेतली.

नोटीस दिल्यावर बाप खवळला. आई रडायला लागली. इथे संस्थेच्या ताईंचं काम होतं. त्या दोन संध्याकाळी त्या घरी जाऊन बसल्या. पहिल्या दिवशी शिव्या ऐकल्या. दुसऱ्या दिवशी आईने खरं सांगितलं, "ताई, आम्ही दोघं पहाटे फडात जातो. ही कोपीत एकटी राहणार. टोळीत सतरा गावची माणसं. काही कमी-जास्त झालं तर? आणि इथं ठेवावं तर म्हातारीला डोळ्यांनी दिसत नाही. सांगा, कुठं ठेवू?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न खोटा नाही. आमच्या भागातली कितीतरी लग्नं हौसेने होत नाहीत, या भीतीने होतात. शिवाय लग्न झालं की नवरा-बायकोचा एक कोयता होतो आणि मुकादमाकडून उचल मिळते, हाही हिशेब असतो. नुसती नोटीस देऊन या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. म्हणून मुलीच्या राहण्याची सोय करावी लागली. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण ती सगळीकडे आणि मोठ्या मुलींसाठी नसते. संस्थेने आणि मुख्याध्यापकांनी धावाधाव करून तालुक्याला मुलींच्या वसतिगृहात जागा मिळवली. मुलीला जिल्ह्याला बाल कल्याण समितीसमोर नेलं. आई घाबरली होती, म्हणून आमच्यातल्या दोघी तिच्याबरोबर गेल्या. तिथे आई-वडिलांनी मुलगी अठराची होईपर्यंत लग्न करणार नाही असं लिहून दिलं.

इथे गोष्ट संपली असं आम्हाला वाटलं. पण संपली नव्हती. दोन महिन्यांनी सुट्टीत मुलगी घरी आली आणि संस्थेच्या ताई पाहणीला गेल्या तर घराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, आत्याच्या गावी गेले. ते गाव दुसऱ्या तालुक्यात. ताईंनी तिथूनच १०९८ ला फोन केला आणि आमच्या ग्रामसेवकांनी त्या गावच्या ग्रामसेवकांना. हळदीच्या आदल्या रात्री लग्न दुसऱ्यांदा थांबलं. पाहणी झाली नसती तर पहिली सगळी मेहनत वाया गेली असती. म्हणून आम्ही सांगतो, लग्न थांबवणं हे अर्धं काम आणि पुढे वर्षभर विचारपूस करणं हे उरलेलं अर्धं. पोलिसांना आणि ग्रामसेवकांना दर महिन्याला जाणं जमत नाही. ते संस्थेचं आणि गटाचं काम.

ती मुलगी दहावीला गणितात राहिली. जुलैच्या पुरवणी परीक्षेत सुटली. पुढे बारावी केली आणि नर्सिंगच्या फॉर्मची माहिती विचारायला आमच्याकडे आली होती. पण हेही सांगितलं पाहिजे की तिची आई अध्यक्षा काकूंशी वर्षभर बोलत नव्हती. नाव बाहेर आलं नव्हतं, तरी तिला अंदाज होता. काकूंनी ते सोसलं. हळदी-कुंकवाला तिच्या दारावरून जाताना दर वेळी हाक मारत राहिल्या.

आणि ती पहिली मुलगी? सतराव्या वर्षी तिचं बाळंतपण झालं, रक्त भरावं लागलं. तिचं लग्न रद्द करून घ्यायचा हक्क तिला वयाच्या वीस वर्षांपर्यंत होता, आम्ही तो सांगितलाही. तिने बाळाकडे बघितलं आणि नको म्हणाली. आता ती सासरच्या गावात गटाची सभासद आहे. वहीत सही करते, अक्षर सुंदर आहे. ती सही बघितली की आम्हाला ती 'घरदुरुस्ती'ची नोंद आठवते.

कुठे थांबायचं, तेही माहीत हवं

एकत्र काम करताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, तडजोड कशाची करायची आणि कशाची नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचं भांडण, पाण्याची पाळी, भावाभावांचा वाद गावातच मिटला तर चांगलंच आहे. कोर्टाच्या खेपा वाचतात. पण लहान मुलीवर अत्याचार झाला तर तो गावात मिटवायचा विषयच नाही. पॉक्सो कायद्याप्रमाणे ज्याला असा गुन्हा माहीत आहे त्याने तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'गावाची अब्रू' म्हणून तो दाबला तर दाबणाराही गुन्हेगार ठरतो.

दुसरी, गटाने पोलीस व्हायचं नाही. कोणाच्या घरात घुसणं, नवऱ्याला चोप देणं, दारूच्या गुत्त्यावर स्वतः तोडफोड करणं, यात आपल्याच बायकांवर केस होते आणि खरा गुन्हेगार सुटतो. आपलं काम बघणं, लिहून ठेवणं, कळवणं आणि बाईच्या सोबत जाणं.

तिसरी, गुपित पाळणं. बाईने विश्वासाने सांगितलेलं विहिरीवर चर्चेला गेलं की ती पुन्हा कधी बोलणार नाही. अध्यक्षा, सचिव आणि ज्यांना कळवायचं ते अधिकारी, एवढ्यांपलीकडे बात जाऊ नये.

चौथी, बाईला विचारून पाऊल टाकणं. मोठ्या बाईच्या बाबतीत, तिला तक्रार करायची आहे की नुसतं काही दिवस बाजूला राहायचं आहे, हे तिने ठरवायचं. जिवाला धोका असेल तर मात्र वाट बघायची नाही.

पोलीस ठाण्यात जाताना

एकटीने जाऊ नका, दोघी-तिघी जा. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी तक्रार नोंदवून घ्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलं आहे. नोंदवलेल्या तक्रारीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. तक्रार घ्यायला नकार दिला तर तीच तक्रार लेखी, टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. बाईला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या घरी विचारपूस करावी लागते. वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. आणि जिल्ह्याला 'सखी' वन स्टॉप सेंटर असतं. २०१५ पासून ही योजना आहे. तिथे औषधोपचार, पोलिसांची मदत, वकील, समुपदेशन आणि काही दिवसांची राहण्याची सोय एकाच ठिकाणी मिळते.

आता वही-पेन घ्या आणि हे नंबर लिहा. जिवावर बेतलं असेल तर ११२. बाईला मदत किंवा सल्ला हवा असेल तर १८१. मुलांसाठी आणि बालविवाहासाठी १०९८, इथे सांगणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. फोनवरून पैसे लुबाडले तर लगेच १९३०.

पुढच्या बैठकीत एवढं करा

हप्ते गोळा झाले की अर्धा तास काढा. वहीच्या शेवटच्या पानावर सात नावं आणि त्यांचे फोन लिहा. ग्रामसेवक, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, आशाताई, मुख्याध्यापक, बीटचे पोलीस आणि आपल्या तालुक्यातली महिला-मुलांसाठी काम करणारी संस्था. यातले किती नंबर आता तुमच्याकडे आहेत ते मोजा. आम्ही पहिल्यांदा मोजले तेव्हा दोन होते.

मग या सातही जणांना एकदा चहाला बोलवा. भाषण नको, हार-नारळ नको. फक्त एवढंच विचारा, आमच्याकडून खबर आली तर तुम्ही काय कराल, आणि रात्री कोणाला फोन करायचा? ज्याचं त्याच्या तोंडून वदवून घ्या आणि ते वहीत लिहा. पुढे गरज पडली तर ती ओळख कामाला येते. संकटाच्या रात्री नव्याने ओळख काढायला वेळ नसतो.

त्या पानाच्या मागे तुमच्या घरातल्या मुलींची यादी लिहा. जन्मतारीख आणि इयत्ता. ऊसतोडीला जायच्या आधीच्या बैठकीत ती एकदा मोठ्याने वाचा आणि प्रत्येकीला विचारा, पोरगी यंदा कुठे राहणार? ज्या आईला उत्तर देता येणार नाही, तिच्यावर रागावू नका. तिची सोय लावायला अजून महिना हातात आहे, हे लक्षात घ्या आणि पहिला फोन करा.